मायक्रोवेव्हचा फ्यूज उडतो, पण नेमका कधी?

पोहे गरम करायला ठेवले आणि ओव्हन गपगार. महाराणी रोडवरून नवा फ्यूज आणून बसवला, तोही उडाला. इंदूरभर हिंडून तिसरा आणण्याआधी तो कुठल्या क्षणी उडतो ते पाहा.

दार उघडता-लावताना उडत असेल तर दोष बहुधा दाराच्या मायक्रोस्विचमध्ये (दाराने दाबले जाणारे छोटे स्विच). मुख्य स्विचचे कॉन्टॅक्ट चिकटले, की दार उघडताच त्याच्यावर नजर ठेवणारा मॉनिटर स्विच मुद्दाम शॉर्ट करून फ्यूज उडवतो. उघड्या दारातून लहरी बाहेर पडू नयेत म्हणून. म्हणजे फ्यूज आपलं काम चोख करतोय! दोन्ही स्विच एकदमच बदला. मुख्य 'नॉर्मली ओपन' (दाबल्यावर जोडणारा), मॉनिटर 'नॉर्मली क्लोज्ड' (दाबल्यावर तोडणारा). अदलाबदल झाली की फ्यूज पुन्हा गेलाच.

दिवा नीट लागतो, पण स्टार्ट दाबताच घुर्र होऊन उडतो? मग दोष कपॅसिटर (वीज साठवणारा), डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा) किंवा मॅग्नेट्रॉनमध्ये (लहरी तयार करणारा). प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये 2000 व्होल्टच्या आसपास जीवघेणा चार्ज राहू शकतो. तो डिस्चार्ज करायची सवय नसेल तर झाकणाचा स्क्रूही काढू नका, मेकॅनिकला बोलवा. सवय असेल तर तिन्ही सुटे करून तपासा. मॅग्नेट्रॉनच्या टर्मिनलपासून बॉडीपर्यंत मीटरने काहीही रीडिंग दाखवलं तर तो गेला. चांगला डायोडही साध्या मीटरवर दोन्हीकडून ओपनच (रीडिंगच नाही) दिसतो, त्याला 9 व्होल्टची बॅटरी सिरीजमध्ये लावून तपासावं लागतं. दोन्हीकडून शून्य दाखवला, तर मात्र शॉर्ट.

फ्यूज जुन्यावर छापलेल्याच अँपिअरचा, सिरॅमिक घ्या. तार गुंडाळायची नाही.