फ्रॅपे एचआरमधल्या परवानग्या: 'दिसत नाही' मिटवताना 'सगळंच दिसतंय' करू नका

"साहेब, माझी सॅलरी स्लिप दिसत नाहीये," असा फोन पगाराच्या दिवशी ठरलेला. "साहेब, मला दुसऱ्यांच्या स्लिपा दिसतायत," असा फोन मला आजवर एकदाच आला, एका सरळमार्गी सुपरवायझरचा. बाकीच्यांना दिसत नव्हत्या असं नाही. बघून गप्प बसले असणार. म्हणूनच कमी दिसण्याची चूक दिवसभरात दुरुस्त होते आणि जास्त दिसण्याची चूक वर्षानुवर्षं तशीच पडून राहते.

मी काम करतो ते मुंबईच्या फ्रॅपे कंपनीच्या फ्रॅपे एचआरवर, म्हणजे कर्मचारी, हजेरी आणि पगार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरवर. आधी हा त्यांच्याच ईआरपीनेक्स्ट या धंद्याचा सगळा कारभार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा एक भाग होता, 2022 मध्ये वेगळा झाला. सोर्स खुला असल्यामुळे पुष्कळ लहान कंपन्या तो स्वतःच बसवतात, आणि परवानग्याही अंदाजानेच लावतात.

यात दोन चाळण्या आहेत. कुठल्या प्रकारचे कागद उघडायचे हे रोल, म्हणजे माणसाला दिलेली भूमिका, ठरवतो. त्यांतले कोणाचे उघडायचे हे यूजर परमिशन ठरवते. बहुतेक गोंधळ दुसऱ्या चाळणीत असतो, पण माणसं पहिलीतल्या टिका काढत-घालत बसतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक

एखाद्याला काही दिसत नाही अशी तक्रार आली की त्याची यूजर परमिशन पुसून टाकायची. लगेच सगळं दिसायला लागतं, तक्रार मिटते, चहा येतो. दिसणारच, कारण यूजर परमिशन नसणं म्हणजे बंदी नव्हे, मोकळं रान. 'एम्प्लॉयी' रोलला सॅलरी स्लिप वाचायची मुभा असतेच, नाहीतर माणसाला स्वतःची तरी कशी दिसेल? ती मुभा एका माणसापुरती आवळून धरणारी दोरीच तुम्ही कापलेली असते.

याच चुकीचं सख्खं भावंड म्हणजे एम्प्लॉयी फॉर्मवरची 'क्रिएट यूजर परमिशन' ही टिक. नवीन माणूस भरताना घाईत ती निघाली तर त्याच्यासाठी दोरी बांधलीच जात नाही. दिसत नसल्याची तक्रार आली तर आधी एम्प्लॉयी फॉर्मवर 'यूजर आयडी' भरलाय का आणि तो बरोबर माणसाचा आहे का ते बघा. माझ्या अनुभवात निम्म्या तक्रारी तिथेच संपतात.

सुपरवायझरची गोष्ट

त्या सुपरवायझरच्या परवानग्या कागदोपत्री चोख होत्या. रोल एकच, यूजर परमिशन फक्त स्वतःच्या नावाची. तरी हाताखालच्या सगळ्यांच्या स्लिपा उघडत होत्या. दोन तास डोकं खाजवल्यावर उलगडलं. फ्रॅपेमध्ये एम्प्लॉयींची यादी सपाट नसते, ते झाड असतं आणि ते 'रिपोर्ट्स टू', म्हणजे कोण कोणाच्या हाताखाली, या खान्यावरून वाढतं. झाडातल्या एका फांदीची परवानगी दिली की तिच्याखालच्या डहाळ्याही आपोआप येतात. हजेरीसाठी ही सोय उत्तम आहे, पगारासाठी नाही.

उपाय आहे, पण त्यातही खाच आहे. यूजर परमिशनवर 'हाइड डिसेंडंट्स' टिक केलं की डहाळ्या झाकल्या जातात, पण मग त्याला पोरांची हजेरीही दिसत नाही. म्हणून 'अप्लाय टू ऑल डॉक्युमेंट टाइप्स' काढून दोन वेगळ्या परमिशन करायच्या: सॅलरी स्लिपसाठी डहाळ्या झाकलेली, हजेरीसाठी उघडी. जुनी सरसकट परमिशन तशीच ठेवून वर नवी घातली तर उपयोग शून्य, कारण परवानग्यांची बेरीज होते, वजाबाकी नाही. आणि सरसकट काढल्यावर कर्जाचे, खर्चाचे, मूल्यमापनाचे कागद दोरीविना राहिले का ते एकेक करून तपासा, नाहीतर वरची पहिलीच चूक मागच्या दाराने आत येते.

मला विचाराल तर परवानग्यांना हात लावण्याआधी 'रिपोर्ट्स टू' नीट करा. बदली झालेला माणूस झाडात जुन्याच साहेबाखाली लटकत असतो, आणि जुन्या साहेबाला त्याचं सगळं दिसत असतं.

रजा मंजूर करणाऱ्याचंही तेच. एम्प्लॉयी फॉर्मवर 'लीव्ह अप्रूव्हर' नेमला की त्याला तो रोल आपोआप चिकटतो. पुढे अप्रूव्हर बदलला, तर जुन्याचा रोल काढायचं काम आपलं.

कोरे खाने आणि उघड्या फायली

एकाच सिस्टिममध्ये दोन कंपन्या असतील तर एकीच्या माणसाला दुसरीचे काही कागद दिसतात, असं कोडं पडतं. ते कागद उघडून बघा, 'कंपनी' हा खाना कोरा असेल. कोऱ्या खान्याला चाळणी अडवत नाही. सिस्टिम सेटिंग्जमधलं 'अप्लाय स्ट्रिक्ट यूजर परमिशन्स' चालू केलं की असे कागद झाकले जातात. मात्र ते पगाराच्या आठवड्यात करू नका. अचानक बरंच काही गायब होतं आणि फोन खणखणू लागतो.

फायलींचं प्रकरण याहून वाईट. आधार, पॅन, बँकेचं पासबुक जोडताना फाइल 'प्रायव्हेट' नसेल तर ती लिंक हातात असलेल्या कुणालाही, लॉगिन न करता, उघडते. तिथे रोल आणि यूजर परमिशन दोन्ही निरुपयोगी. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात वाजवी सुरक्षा न ठेवल्याबद्दल 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, हे मालकाला एकदा सांगून ठेवा. प्रायव्हेटची टिक तपासायला माणूस लगेच मिळतो. लैंगिक छळाच्या तक्रारीचे कागद तर एम्प्लॉयी रेकॉर्डला जोडूच नयेत. तिथली गोपनीयता 2013 च्या कायद्यानेच बंधनकारक केलेली आहे.

'एक्सपोर्ट' ही वेगळी टिक आहे, हेही बऱ्याच जणांना माहीत नसतं. वाचायला दिलं म्हणून एक्सेलमध्ये उतरवायला द्यायलाच हवं असं नाही.

तपासताना

अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या लॉगिनवरून तपासू नका, त्याला कुठलीच चाळणी लागू नाही. कामगार, सुपरवायझर आणि एचआरमधला क्लार्क अशी तीन खोटी खाती ठेवा. प्रत्येक खात्यातून शोधपट्टीत दुसऱ्याचं नाव टाका, रिपोर्ट चालवा, दुसऱ्याच्या स्लिपची लिंक थेट पेस्ट करा. 'परमिटेड डॉक्युमेंट्स फॉर यूजर' हा तयार रिपोर्टही आहे, यूजर आणि कागदाचा प्रकार निवडला की यादी समोर. मी दर तिमाहीला तो सुपरवायझरांच्या नावाने सॅलरी स्लिपवर चालवतो. यादीत एकापेक्षा जास्त नावं आली की 'रिपोर्ट्स टू' उघडायचं.