अपिलात नवा मुद्दा मांडताय? या चुका टाळा

अपील मेमोत (अपिलाची कारणं मांडणाऱ्या अर्जात) नसलेला मुद्दा युक्तिवादात मांडायचा, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 41 नियम 2 नुसार कोर्टाची परवानगी लागते. ती बहुधा एकाच गोष्टीवर अडते: मुद्द्याला लागणारी तथ्यं खालच्या कोर्टाच्या रेकॉर्डवरच नसतात.

म्हणून अर्ज लिहिण्याआधी दावा, कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर), वादमुद्दे (कोर्टाने निकालासाठी ठरवलेले प्रश्न) आणि निशाण्या (पुराव्यात क्रमांक देऊन दाखल झालेले कागद) समोर घेऊन बसा. समजा, हरलेला प्रतिवादी अपिलात प्रथमच 12 वर्षांच्या प्रतिकूल कब्जाचा, म्हणजे मालकाच्या हक्काविरुद्ध उघडपणे ताबा ठेवून मालकी मिळाल्याचा, बचाव घेतो. कब्जा कोणत्या तारखेपासून, तो उघड होता का, मालकाच्या हक्काविरुद्ध होता का, यातलं कैफियतीत काही नाही आणि उलटतपासणीतही नाही. असा मुद्दा टिकत नाही. उलट, नोंदणी सक्तीची असलेलं खरेदीखत बिननोंदणीचं असताना त्यावरून मालकी ठरवली, हा आक्षेप निशाणी उघडताच दिसतो; नवा पुरावा लागत नाही. मात्र त्याच दस्ताचा मुद्रांक अपुरा होता हे आता उकरून काढू नका. दस्त एकदा पुराव्यात दाखल झाला की ती हरकत संपते.

अधिकारक्षेत्राबाबत फार गल्लत होते. तो मुद्दा कधीही काढता येतो, हे विषयावरच्या अधिकाराबाबत, म्हणजे त्या प्रकारचा वाद ऐकण्याचा अधिकार कोर्टाला आहे का याबाबत, खरं. स्थळसीमा (कोर्टाची हद्द) किंवा दाव्याच्या मूल्यांकनाची हरकत मात्र दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 21 प्रमाणे खालच्या कोर्टातच, पहिल्या संधीला, वादमुद्दे काढण्याच्या वेळी किंवा त्याआधी घेतलेली हवी. शिवाय त्यामुळे अन्याय झाला हेही दाखवावं लागतं. मुदतीचा प्रश्न, म्हणजे दावा वेळेत आणला का हा, तर मुदत कायदा 1963 च्या कलम 3 नुसार बचाव घेतला नसला तरी कोर्टाने पाहायचा असतो. तारखा तेवढ्या रेकॉर्डवर असाव्यात.

अर्ज लेखीच द्या, सोबत प्रतिज्ञापत्र. मेमोत घालायचं कारण शब्दशः लिहा, ते कोणत्या निशाणीवर उभं आहे ते सांगा, आधी का घेतलं नाही तेही प्रामाणिकपणे मांडा. प्रत समोरच्या पक्षाला वेळेत पोचवा, कारण त्याला उत्तराची पुरेशी संधी दिल्याशिवाय कोर्ट त्या मुद्द्यावर निकाल देऊ शकत नाही. कैफियत दुरुस्ती (आदेश 6 नियम 17) आणि जादा पुरावा (आदेश 41 नियम 27) यांच्या कसोट्या वेगळ्या आहेत; सगळं एकाच अर्जात कोंबू नका.

‘मुद्दा खाली मांडला होता, निकालात आला नाही’ अशी तक्रार असेल, तर आधी त्याच न्यायाधीशांकडे लगेच अर्ज करा. कोर्टात काय घडलं याबाबत निकालातली नोंदच अंतिम मानायची, असं सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये रामदास श्रीनिवास नायक प्रकरणात सांगितलं आहे.

दुसऱ्या अपिलात (पहिल्या अपिलाच्या निकालावर उच्च न्यायालयात केलेल्या अपिलात) वाट आणखी अरुंद होते. तिथे कायद्याचा महत्त्वाचाच प्रश्न लागतो. आधी न काढलेला प्रश्न ऐकायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 100(5) खाली कोर्टाला कारणं नोंदवावी लागतात. ती कारणं अर्जातच तयार करून द्या.