फुलं सुकल्यावर घरातल्या कंदांचं काय करायचं? या चुका टाळा

फुलं सुकली की त्यांच्यासोबत हिरवी पानंही छाटून टाकणं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. घरात अवेळी फुलवलेला कंद आतून रिता झालेला असतो आणि पुढच्या फुलाचं अन्न ही पानंच तयार करतात. त्यांची वेणी घालू नका, रबरबँडही लावू नका. काढायचं ते फक्त सुकलेलं फूल आणि त्यामागची फुगीर गाठ, नाहीतर ताकद बी धरण्यात जाते. अमॅरिलिसचा (मोठ्या, कर्ण्यासारख्या फुलांचा कंद) देठ पिवळा पडला की कंदापासून ३ ते ५ सेंमी वर कापा. देठ हिरवा असताना कापला तर पाणी ठिबकतं, त्यात काळजीचं काही नाही.

शोभा संपली म्हणून कुंडी अंधाऱ्या कोपऱ्यात सरकवू नका. उजेडाची खिडकी द्या, मातीचा वरचा २-३ सेंमी थर सुकला की पाणी, आणि दर पंधरा दिवसांनी निम्म्या मात्रेत द्रवरूप खत.

ट्युलिप, हायसिंथ, डॅफोडिलची पानं आपणहून पिवळी पडू लागली की पाणी हळूहळू कमी करत बंद करा. इथे पाणी चालू ठेवलं की कंद हमखास कुजतो. उकरल्यावर बूड अंगठ्याने दाबून पाहा: टणक असेल तर ठेवा, मऊ आणि कुबट वासाचा असेल तर फेका. कंद धुऊ नका, माती झटका, सावलीत वाळवून जाळीच्या पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकमध्ये बुरशी येते. पुढे फुलण्याआधी या कंदांना लागणारी थंडी देण्यासाठी (२ ते ९ अंश सेल्सिअस, १२ ते १६ आठवडे) फ्रीज वापरलात, तर शेजारी सफरचंदं नकोत. त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने आतली कळी मरते. हायसिंथचे कंद हाताळताना हातमोजे घाला, त्वचेला खाज सुटते.

तोच कंद पुढच्या वर्षी पुन्हा घरात फुलवायचा हट्ट मात्र सोडा. डॅफोडिल आणि मस्कारी (ग्रेप हायसिंथ) थंड हिवाळ्याच्या जागी जमिनीत लावले तर एक-दोन वर्षांत सावरतात. ट्युलिपचा भरवसा नाही. नुसत्या पाण्यावर वाढवलेले हायसिंथ आणि पेपरव्हाइट (डॅफोडिलचा जवळचा पांढरा प्रकार) सरळ कंपोस्टमध्ये टाका.

अमॅरिलिसचं गणित वेगळं. त्याला थंडी लागत नाही, भरपूर उजेडात कित्येक महिने पानं वाढू द्यावी लागतात. मग ८ ते १० आठवडे कोरडी, गारव्याची विश्रांती. नंतर नुसती पानंच आली, तर आधीच्या मोसमात उजेड किंवा खत कमी पडलं असं समजा. कुंडी कंदापेक्षा चारही बाजूंनी जेमतेम २-३ सेंमी मोठी हवी आणि कंदाचा वरचा एक-तृतीयांश भाग मातीबाहेर.