दवंडी पिटली म्हणजे निरोप पोचला असं नाही: ॲक्शन केबल वापरताना या चुका टाळा

वेब ॲप बनवायच्या रेल्स या फ्रेमवर्कच्या ५ व्या आवृत्तीबरोबर २०१६ साली ॲक्शन केबल, म्हणजे सर्व्हर आणि ब्राउझरमधली जोडणी सतत उघडी ठेवणारी सोय, आली आणि लाइव्ह मेसेज पाठवणं फारच सोपं झालं. चॅनल लिहायचं, त्यात स्ट्रीम-फ्रॉम म्हणून कोणता प्रवाह ऐकायचा ते सांगायचं, सर्व्हरवरून ब्रॉडकास्ट करायचं, की समोरच्या ब्राउझरमध्ये मेसेज उमटतो. अर्ध्या तासात डेमो तयार. पण तो डेमो एका लॅपटॉपवर, एकाच प्रोसेसमध्ये, कधीही न तुटणाऱ्या जोडणीवर चाललेला असतो. नव्याने शिकणारे तोच उचलून प्रॉडक्शनला, म्हणजे खऱ्या वापरात, नेतात. असे प्रोजेक्ट दुरुस्तीला आले की आत त्याच त्या चुका सापडतात. आता कंटाळा आलाय, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ब्रॉडकास्ट केलेला मेसेज कुठेतरी जपून ठेवलेला असतो असं समजणं. ब्रॉडकास्ट ही दवंडी आहे. त्या क्षणी जो गावात आहे त्याला ती ऐकू येते. रानात गेलेला माणूस संध्याकाळी परतला म्हणून त्याच्यासाठी कोणी ती पुन्हा पिटत नाही. मागे रेडिस (मेमरीत चालणारा डेटाबेस) असलं तरी हेच, कारण रेडिसचं पब-सब, म्हणजे एकाने प्रसिद्ध करायचं आणि ऐकणाऱ्यांनी ऐकायचं ही सोय, मेसेज साठवतच नाही. रेल्स ८ मधलं सॉलिड केबल रेडिसऐवजी डेटाबेस वापरतं आणि मेसेज डेटाबेसच्या टेबलात दिवसभर ठेवतं, पण पुन्हा जोडल्या गेलेल्या ब्राउझरला जुने मेसेज तेही आपणहून देत नाही.

नाशिकहून मुंबईकडे माल नेणाऱ्या गाड्यांचं एक वेब ॲप माझ्याकडे असंच आलं होतं. ड्रायव्हरच्या फोनवर पान उघडं असायचं, ऑफिसातून सूचना टाकली की ती तिथे दिसायची. एका रात्री वाशीला निघालेली कांद्याची गाडी भिवंडीच्या गोदामाकडे वळवायची ठरली. सूचना सुटली तेव्हा गाडी कसारा घाटात होती आणि रेंज गेलेली होती. ॲक्शन केबलचा सर्व्हर दर ३ सेकंदांनी पिंग पाठवतो. ६ सेकंद पिंग आलं नाही की ब्राउझर जोडणी मेली असं धरतो आणि पुन्हा जोडायचा प्रयत्न सुरू करतो. घाट उतरल्यावर तसंच झालं. रेंज आली, जोडणी आपोआप झाली, पानावरचा ठिपका पुन्हा हिरवा झाला. सूचना मात्र आली नाही. गाडी पहाटे वाशीला जाऊन उभी राहिली.

सकाळी मला फोन आला तोवर ड्रायव्हरचे पैसे कापायचं ठरत होतं. ऑफिसच्या स्क्रीनवर ‘पाठवलं’ असं दिसत होतं, त्याचा फोन तर चालू होता, म्हणजे तोच खोटं बोलतोय, असा सगळ्यांचा समज. मी लॉग उघडले. सूचना आधीची, त्या फोनची नवी जोडणी तिच्यानंतर बऱ्याच मिनिटांनी. मधल्या काळात जुनी जोडणी तुटल्याचं सर्व्हरला कळलेलंच नव्हतं आणि तो मेलेल्या सॉकेटमध्ये लिहीत होता. वेळा दाखवल्यावर पैसे कापायचं थांबलं. आपण घाईघाईत लिहिलेल्या चार ओळींपायी रात्रभर गाडी चालवलेल्या माणसावर खोटेपणाचा आळ येतो, हे मला आजही सहन होत नाही.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. मेसेज आधी टेबलात जातो, मग त्याची दवंडी. पान शेवटच्या मेसेजचा आयडी लक्षात ठेवतं आणि सबस्क्रिप्शनचा (ब्राउझरने चॅनलला जोडून घेण्याचा) ‘कनेक्टेड’ कॉलबॅक आला की त्या आयडीपुढचे मेसेज साध्या एचटीटीपी विनंतीने मागून घेतं. हा क्रम उलटा करू नका. आधी मागून मग जोडलंत तर मधल्या फटीत आलेला मेसेज जातो. पान पहिल्यांदा उघडतानाही एचटीएमएल येणं आणि सबस्क्रिप्शन पक्कं होणं यांत हीच फट असते, म्हणून तिथेही हेच करायचं. काही मेसेज दोनदा येतील, ते आयडी पाहून गाळा. आणखी एक बारकावा आहे: आयडी इन्सर्ट होताना मिळतो, पण ओळ दिसते कमिट झाल्यावर, म्हणजे बदल डेटाबेसमध्ये पक्का झाल्यावर, त्यामुळे लहान आयडीचा मेसेज कधीकधी मोठ्या आयडीच्या मागून उगवतो. म्हणून मी नेमकं ‘शेवटच्या पुढचं’ न मागता मागची दोन मिनिटंही सोबत मागतो. आणि ऑफिसच्या स्क्रीनवर ‘पोचलं’ हा शब्द फोनकडून पोच आल्याशिवाय लावत नाही.

दुसरी चूक लहान दिसते, पण दिवसच्या दिवस खाते. मॉडेलच्या आफ्टर-सेव्हमधून, म्हणजे रेकॉर्ड सेव्ह होताच चालणाऱ्या कोडमधून, ब्रॉडकास्ट करायचं. त्या वेळी ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्के होणारे डेटाबेसमधले बदल) अजून उघडं असतं. ब्राउझरला खबर मिळते, तो ताबडतोब रेकॉर्ड मागतो, आणि रेकॉर्ड अजून कमिटच झालेलं नसतं. कधी ४०४, कधी जुनी किंमत, आणि बहुतेक वेळा सगळं ठीक, म्हणून चूक हाती लागत नाही. ट्रान्झॅक्शन रोलबॅक झालं, म्हणजे बदल मागे घेतले गेले, तर अजून वाईट: न घडलेली गोष्ट लोकांना कळवून मोकळे. उपाय एका शब्दाचा आहे, आफ्टर-कमिट. तरीही मी असे प्रोजेक्ट पाहिलेत जिथे ब्रॉडकास्टच्या आधी अर्ध्या सेकंदाची स्लीप टाकून काम भागवलेलं होतं. डेटाबेसवर ताण आला की अर्धा सेकंद पुरत नाही, मग कोणीतरी तो एक सेकंद करतो. कारण न शोधता घातलेली स्लीप मी कोड रिव्ह्यूत कधीच पास करत नाही.

रेडिसबद्दल एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. डेटाबेस क्रमांक वेगळा दिला म्हणजे पब-सब वेगळं झालं असं नाही. रेडिसमध्ये चॅनलचा डेटाबेस क्रमांकाशी संबंधच नाही. १० वर प्रसिद्ध केलेलं १ वरच्याला ऐकू येतं. एका ठिकाणी स्टेजिंग (चाचणीची प्रत) आणि प्रॉडक्शन एकाच रेडिसवर होतं, फक्त क्रमांक निराळे. टेस्टिंगवाल्या मुलीने टाकलेला ‘ऑर्डर रद्द’ खऱ्या ग्राहकाच्या पानावर झळकला, कारण दोन्हीकडे स्ट्रीमचं नाव एकच होतं. केबलच्या वायएमएल फाइलमध्ये चॅनल-प्रीफिक्स असतो. तो दर एन्व्हायर्नमेंटला वेगळा ठेवा, आणि जमल्यास रेडिसच वेगळं घ्या.

परवानगी न तपासणं ही चूक मला सर्वांत जास्त संताप आणते. ब्राउझरकडून आलेला रूम क्रमांक तसाच्या तसा स्ट्रीम-फ्रॉमला दिला की कोणीही आकडा बदलून दुसऱ्याचं बोलणं ऐकू शकतो. लॉगिन तपासलं एवढं पुरत नाही. हा माणूस या रूमचा आहे का, हे सबस्क्राइब होतानाच तपासा आणि नसेल तर रिजेक्ट करा. माणूस नंतर ग्रुपमधून काढला तरी त्याचं चालू सबस्क्रिप्शन आपोआप संपत नाही. त्याची जोडणी सर्व्हरवरून तोडावी लागते. रिमोट-कनेक्शन्सची सोय त्यासाठीच आहे.

बाकीच्या थोडक्यात. कन्सोलवरून ब्रॉडकास्ट केलं आणि ब्राउझरमध्ये काही दिसलं नाही, तर बहुधा मेसेज पोचवणारा अडॅप्टर असिंक आहे. तो आपल्या प्रोसेसपुरताच असतो. प्रॉडक्शनला तोच राहिला आणि पुमाचे (रेल्सच्या वेब सर्व्हरचे) वर्कर अनेक असले, की मेसेज काहींना मिळतात, काहींना नाही. पोस्टग्रेसचा अडॅप्टर घेतलात तर तो ज्यातून मेसेज पाठवतो त्या नोटिफायची मर्यादा ८००० बाइट्सची आहे, तेव्हा अख्खं एचटीएमएल पाठवू नका, आयडी पाठवा. जोडणी होतच नसेल तर आधी पुढे बसलेल्या एनजिनएक्स या सर्व्हरमध्ये एचटीटीपी १.१ आणि अपग्रेड हेडर पाहा, मग परवानगी दिलेल्या ओरिजिनची (जोडणी मागणाऱ्या साइटच्या पत्त्यांची) यादी. ती तपासणीच बंद करून टाकायचा सल्ला मिळेल. तो घेऊ नका. एकच मेसेज दोनदा, तीनदा उमटत असेल तर बहुधा टर्बोने (अख्खं पान रीलोड न करता ते बदलणाऱ्या रेल्सच्या लायब्ररीने) पान बदललं पण जुनं सबस्क्रिप्शन तसंच राहिलं आहे.

आणि काम सोपवण्याआधी फोन हातात घ्या. पान उघडा, एअरप्लेन मोड लावा, दुसरीकडून तीन मेसेज पाठवा, मिनिटभर थांबा, मोड काढा. मग स्क्रीन बंद करून फोन पाच मिनिटं खिशात ठेवा आणि तेच पुन्हा करा. दोन्ही वेळा तिन्ही मेसेज, एकेकदाच, बरोबर क्रमाने दिसले तरच मी डिप्लॉय करतो.