द्राक्षशर्करेला कार्बनचा सांधा

गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात मी एमएस्सीच्या मुलांचं ऑरगॅनिकचं प्रॅक्टिकल घेते. शर्करेचं टिकाऊ प्रतिरूप बनवायचं म्हटलं की मुलांना उणे ७८ अंशांचा बाथ आणि बेंझाइल प्रोटेक्शनच (शर्करेचे ओएच गट बेंझाइल गटाने झाकणं) आठवतं. सुरुवात तिथून करू नका. ल्युबिनो आणि सहकाऱ्यांनी २००० साली दाखवलेल्या पद्धतीत सी-ग्लायकोसाइड, म्हणजे शर्करेला कार्बनच्या सांध्याने जोडलेला रेणू, चक्क पाण्यात होतं, तेही एकही ओएच न झाकता. ग्लुकोजचं मराठी नाव द्राक्षशर्करा, मग नाशिकमध्ये आणखी कुठली शर्करा घेणार?

ग्लायकोसाइडचा, म्हणजे शर्करेला दुसरा गट जोडून झालेल्या रेणूचा, नेहमीचा सांधा ऑक्सिजनचा असतो. आम्ल किंवा एन्झाइम तो तोडतं. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतलं फ्लोरिझिन हे ग्लायकोसाइड आतड्यात असंच तुटतं. डापाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या औषधात त्या जागी कार्बन आहे, म्हणून ते गोळीतून देता येतं.

१.८ ग्रॅम ग्लुकोज आणि १.२६ ग्रॅम खाण्याचा सोडा २० मिली पाण्यात विरघळवा. १.२ ग्रॅम अ‍ॅसिटिलअ‍ॅसिटोन फ्यूम हूडमध्येच घाला. ९० अंशांवर ढवळत ठेवा. घड्याळ बघून थांबू नका, टीएलसी (पातळ थरावरची क्रोमॅटोग्राफी) बघा, द्रावक: इथिल अ‍ॅसिटेट, मेथनॉल, पाणी ७:२:१. पट्टी सल्फ्युरिक आम्लात बुडवून तापवली की ग्लुकोजच्या वर नवा काळा ठिपका दिसतो.

डायक्लोरोमिथेनने धुवून उरलेलं डायकीटोन, म्हणजे अ‍ॅसिटिलअ‍ॅसिटोन, काढा. मग पाण्याच्या थरात एच-प्लस रूपातलं रेझिन (सोडियम आयन घेऊन हायड्रोजन आयन देणारे मणी) चिमटीचिमटीने घाला, कारण फेस येतो. ही पायरी मी पहिल्यांदा गाळली होती. कमाल उत्पन्न २.२ ग्रॅम असताना वजन ३ ग्रॅमच्या वर भरलं आणि मी आनंदाने वहीत लिहूनही टाकलं. ते सगळं सोडियम अ‍ॅसिटेट आणि उरलेला सोडा होता! रेझिननंतर गाळून रोटरी इव्हॅपोरेटरवर आटवलं की अ‍ॅसेटिक आम्लही निघून जातं.

कार्बन एनएमआरमध्ये (रेणूतले कार्बन ओळखण्याची चाचणी) ९३ आणि ९७ पीपीएमच्या आसपासचे ग्लुकोजचे सिग्नल नसायला हवेत. आपल्या पदार्थातल्या कीटोनचा २१०च्या आसपास हवा.

टिकाऊपणा मात्र स्वतः तपासा. एका नळीत आपला पदार्थ, दुसरीत घरची साखर, दोन्हीत १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल घालून अर्धा तास उकळा. साखरेच्या नळीत ग्लुकोजचा ठिपका येतो, आपल्या नळीत येत नाही. तीव्र अल्कलीत मात्र याच कीटोनमुळे शर्करेचं वलय उघडू शकतं. तिथे टिकवायचं असेल तर सोडियम बोरोहायड्राइडने त्याचं अल्कोहोल करून घ्या. दोन डायस्टिरिओमर (अणूंची जोडणी तीच, पण अवकाशातली मांडणी वेगळी असलेली रूपं) मिळतील, ते आधीच गृहीत धरा.