फेल्टेड क्रोशे बॅग: या चुका टाळा, नाहीतर बॅगेची टोपी होईल

"गरम पाण्यात एवढा वेळ फिरवली तरी बॅग आटलीच नाही, टाके जसेच्या तसे दिसतायत, काय चुकलं?" फेल्टेड बॅग म्हणजे क्रोशाने मोठी विणून मग गरम पाण्यात आटवून घट्ट केलेली लोकरीची बॅग, आणि ती करणाऱ्यांकडून हा प्रश्न सारखा येतो. बहुतेक वेळा उत्तर एकच असतं, ती लोकर नव्हतीच. आपल्याकडे नाशिकमध्ये मेन रोडला जा नाहीतर कॉलेज रोडला, "लोकर द्या" म्हटलं की काउंटरवर येतं ते ॲक्रिलिक. रंग झकास, हाताला मऊ, खिशाला परवडणारं, बाळाच्या टोपीला एकदम मस्त, पण शेवटी ते प्लास्टिकच, उकळत्या पाण्यात घातलं तर लोळागोळा होईल पण आटणार नाही. खऱ्या लोकरीच्या केसावर बारीक खवले असतात, गरम पाण्यात आणि साबणात ते मोकळे होतात आणि घासलं की एकमेकांत अडकून बसतात, परत सुटत नाहीत. सगळं फेल्टिंग म्हणजे एवढंच. खवलेच नसतील तर तुम्ही मशीन कितीही फिरवा.

लेबल असेल तर शंभर टक्के वूल लिहिलेलं बघून घ्या, ब्लेंड असेल तर सोडून द्या. लेबल नसेल तर वीतभर धागा तोडा, चिमट्यात धरा (बोटात नाही), सिंकजवळ उभं राहून टोक पेटवा. खरी लोकर नाखुशीनेच पेटते, ज्योत लांब केली की बहुतेक वेळा आपली आपण विझते, केस जळाल्यासारखा घाण वास येतो आणि मागे उरलेली काळी राख बोटाने चुरली की भुगा होते. ॲक्रिलिक भराभर जळतं, वितळतं, आणि टोकाला टणक काळा मणी होतो जो चुरता चुरत नाही. एकदा हे दोन्ही शेजारी शेजारी करून बघा म्हणजे पुन्हा कुठला दुकानदार तुम्हाला फसवणार नाही.

यातही एक मेख आहे. लेबलवर शंभर टक्के वूल असतं पण खाली बारीक अक्षरात सुपरवॉश किंवा मशीन वॉशेबल लिहिलेलं असतं, म्हणजे कारखान्यातच त्या खवल्यांचा बंदोबस्त केलेला असतो, ती लोकर चांगली असते पण आपल्या कामाची नाही. जळण्याच्या टेस्टमध्ये ती पास होते म्हणून लोक फसतात. पांढऱ्याशुभ्र रंगाचंही कधी कधी असंच होतं, ब्लीच केलेली लोकर नीट आटत नाही, त्याच कंपनीची निळी झकास आटते आणि पांढरी पट्टी मात्र ढिम्म, मग बॅग तिथेच फुगते. धनगरी घोंगडीची देशी लोकर मिळाली तर हरखून जाऊ नका, ती भरड असते, उशिरा आणि कमी घट्ट होते, आधी नमुना करून बघा.

आणि नमुना सगळ्यांनीच करायचा. कंटाळा येतो, मान्य आहे, पण फेल्टिंगला उलटा गिअर नाही. कमी आटलं तर परत फिरवता येतं, जास्त आटलं तर संपलं. ज्या सुईने बॅग करणार त्याच सुईने, त्याच लोकरीचा २० बाय २० सेंटीमीटरचा चौकोन विणा, मोजून कागदावर लिहा, मग बॅग जशी फिरवणार तसाच फिरवा आणि वाळल्यावर परत मोजा. समजा रुंदी १७ झाली आणि उंची १४. (दोन्हीकडून सारखं आटेल हे डोक्यातून काढून टाका, बरेचदा उंचीत जास्त जातं.) तुम्हाला बॅग ३० रुंद आणि २८ उंच हवी असेल तर विणताना ३५ रुंद आणि ४० उंच विणावी लागेल. विणलेली बॅग बघून घरचे विचारतील की हे पोतं कशाला, विचारू द्या.

आता टाक्यांचं. आपल्यापैकी बऱ्याच जणी क्रोशे शिकल्या त्या आई-आजीकडून, सुती दोऱ्याची तोरणं, टेबलावरचे रुमाल, टीव्हीवरची कव्हरं, बारीक सुई आणि टाका असा घट्ट की मुंगी जाणार नाही. तो हात इथे नडतो. घट्ट विणलेल्यात केसांना हलायला जागाच नसते, मग ते अडकणार कसे, बॅग नुसती कडक आणि वाकडी होते. चार प्लायची (चार पदरी) लोकर दुहेरी घेतली तर साडेसहा-सात मिलिमीटरची सुई घ्या आणि विण अशी मोकळी ठेवा की हातात धरली तर लोंबली पाहिजे, तिच्यातून पलीकडचं दिसलं पाहिजे. पण मोकळी म्हणजे जाळीदार नव्हे हां, मुका खांब (बुटका टाका) सगळ्यात बरा, उंच खांबांमधल्या फटी फेल्टिंगनंतरही पूर्ण बुजत नाहीत आणि मग त्यातून पेन खाली पडतं. पॅटर्न इंग्रजी असेल तर तो अमेरिकन आहे की ब्रिटिश हे आधी बघा, कारण ब्रिटिश डबल क्रोशे म्हणजे अमेरिकन सिंगल क्रोशे, म्हणजेच आपला मुका खांब, इथे गफलत झाली की सगळी मापंच बदलतात.

तुकडे जोडायला तीच लोकर वापरा. शिवणीसाठी सुती किंवा ॲक्रिलिक दोरा घेतला तर बॅग आटते आणि शिवण आटत नाही, मग कडेला लाटा येतात. सुती दोरा फक्त एका ठिकाणी कामाचा, बॅगेचं तोंड. फेल्टिंगमध्ये तोंड पसरून घंटेसारखं होतं म्हणून आधी सुती दोऱ्याने मोठे मोठे सैल टाके घालून ते बंद करायचं, नंतर दोरा कापून काढायचा.

मशीनबद्दल माझं मत विचाराल तर घरातलं जुनं सेमी-ऑटोमॅटिक सगळ्यात भारी. गीझरचं पाणी बादलीने ओता (६० डिग्रीच्या आसपास पुरे, टबला किती चालतं ते पुस्तिकेत बघून घ्या), टायमर लावा, पाहिजे तेव्हा झाकण उघडा. फ्रंट लोडला दार लॉक होतं आणि आत काय चाललंय ते दाराबाहेर बसून नुसतं बघत राहायचं, त्यात करायचंच असेल तर छोटा प्रोग्राम लावा. बॅग जुन्या उशीच्या अभ्र्यात घालून तोंड बांधा, नाहीतर सुटलेले केस पंपात जातात आणि मेकॅनिकला बोलवावं लागतं. सोबत एखादी जुनी जीन्स टाका, घासायला काहीतरी पाहिजेच. टॉवेल नको, त्याचे धागे लोकरीत असे रुततात की चिमट्याने काढत बसावं लागतं.

साबण थोडा, भांड्यांचं लिक्विड दोन चमचे बास. जास्त फेस झाला की कपडा फेसावर तरंगतो आणि घासलंच जात नाही. डाग काढणारी एन्झाइमवाली पावडर वापरू नका, लोकर म्हणजे प्रोटीन, त्यातली काही एन्झाइम नेमकी तेच खातात. ब्लीच तर अजिबातच नको, ते लोकर विरघळवतं. आणि ज्यांच्याकडे बोअरचं पाणी आहे, नाशिकमध्ये बऱ्याच सोसायट्यांत उन्हाळ्यात तेच येतं, त्यांनी साबणाची वडी टाळा, जड पाण्यात फेस होत नाही आणि पांढरा चिकट थर लोकरीवर बसतो. नळाचं पाणी आलं त्या दिवशी हे काम काढा.

दर पाच मिनिटांनी बाहेर काढायची, दोन्ही हातांनी आतून उघडायची, कारण पुढची आणि मागची बाजू एकमेकींना चिकटायला लागतात आणि एकदा नीट चिकटल्या की ती बॅग नसते, गादी असते. रबरी हातमोजे घाला. टाके दिसेनासे झाले आणि माप आलं की थांबा, "अजून एकदा फिरवते" हा मोह आवरा. पाणी बदलून खळबळा, शेवटच्या पाण्यात थोडं व्हिनेगर चालेल. स्पिनरमध्ये घालू नका, तिथे पडलेली घडी कायमची बसते, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा.

ओली आहे तोवरच आकार द्यायचा. योग्य मापाचा खोका प्लास्टिकच्या पिशवीत घालून बॅगेत बसवा, कोपरे ओढून सरळ करा आणि पंख्याखाली सावलीत ठेवा. हिवाळ्यात, निफाडकडून गार वारा सुटला की हवा कोरडी असते, तेव्हा दोन-तीन दिवसांत वाळते. पावसाळ्यात हे काम काढूच नका, ओल्या लोकरीचा वास घरभर होतो आणि आतून बुरशी धरते.

अस्तर फेल्टिंगनंतरच कापा, आणि त्याआधी कापड धुऊन घ्या, कारण सुती कापडही आटतं. जुन्या साडीचं अस्तर सुंदर दिसतं, येवल्याच्या पैठणीचा जीर्ण पदर वापरलेला मी बघितलाय, पण रेशीम विरलेलं असेल तर मागे पातळ सुती कापड जोडा. अस्तर बॅगेपेक्षा बोटभर लहान ठेवा म्हणजे तोंडाबाहेर डोकावत नाही. मॅग्नेटचं बटण अस्तर लावायच्या आधी बसवायचं, नंतर आठवलं तर उसवा सगळं.

पट्ट्याला लोक सगळ्यात कमी वेळ देतात आणि तोच आधी दगा देतो. क्रोशाचा लांब पट्टा फेल्ट केला तरी वजनाने ताणतो, भाजी आणि पाण्याची बाटली घातली की बॅग गुडघ्यापर्यंत येते. तसाच पट्टा हवा असेल तर आतून निवारीची पट्टी शिवा, नाहीतर सरळ चामड्याचे तयार हँडल घ्या आणि ते लावताना बॅगेच्या आतल्या बाजूने चामड्याचा किंवा जाड कापडाचा छोटा तुकडा ठेवून त्याच्यासकट मेणाच्या दोऱ्याने शिवा, नुसत्या फेल्टवर शिवलं तर टाका हळूहळू भोक मोठं करतो. तळाला पुठ्ठा नको, ओला झाला की गेला. जुन्या प्लास्टिक फाइलचं कव्हर कापून घाला, कोपरे गोल करा.

कसर लागते, कारण खरी लोकर आहे. वापरात नसेल तेव्हा नीट वाळवून, झटकून, डांबराच्या गोळ्या कापडात बांधून सोबत ठेवा आणि महिन्या-दोन महिन्यांनी बाहेर काढून वारा द्या.