व्हिन्सनच्या वाटेवर बर्फाचं पाणी करताना

व्हिन्सन (४८९२ मीटर) हे अंटार्क्टिकातलं सर्वोच्च शिखर सेंटिनल रांगेत आहे. १९६६ मध्ये अमेरिकी तुकडीने ते पहिल्यांदा सर केलं. डिसेंबरात तिथे सूर्य मावळत नाही, तरी वाटेत वाहतं पाणी नाही. ब्रॅन्सकॉम्ब हिमनदीवरच्या तळापासून (सुमारे २१०० मीटर) वरच्या तळापर्यंत (सुमारे ३७८० मीटर) प्रत्येक घोट स्टोव्हवर वितळवावा लागतो. ध्रुवाकडे हवेचा दाब तेवढ्याच उंचीच्या हिमालयापेक्षा कमी असतो. धाप जास्त लागते, हवाही कोरडी. माणशी रोज चार लिटर पाणी धरा.

त्यासाठी माणशी रोज पाव लिटर व्हाइट गॅस (स्टोव्हचं पेट्रोलसारखं द्रव इंधन) लागतो. एवढा का? एक किलो बर्फ नुसता वितळवायला जी उष्णता लागते, तेवढ्यात तेच पाणी शून्यावरून ८० अंशांपर्यंत तापतं. ब्युटेनच्या डब्यांवर विसंबू नका; उणे तीसमध्ये त्याची वाफच होत नाही.

भुसभुशीत बर्फात निम्म्याहून जास्त हवाच असते. वाऱ्याने घट्ट झालेल्या थरातून करवतीने ठोकळे कापा. ही जागा तंबूच्या वरच्या अंगाला, जाण्यायेण्याच्या वाटेपासून दूर ठरवा आणि झेंडीच्या काठ्या रोवून राखीव ठेवा. ठोकळ्यांची गोणी तंबूच्या दाराशी हवी.

स्टोव्हखाली प्लायवूडचा तुकडा ठेवा, नाहीतर खालचा बर्फ वितळून स्टोव्ह कलंडतो. भांड्यात आधी दोन बोटं पाणी घ्या आणि मग बर्फ थोडाथोडा टाका. कोरडं भांडं बर्फाने गच्च भरलं की तळाशी झालेलं पाणी वरचा बर्फ शोषून घेतो, तळ कोरडा पडून जळतो आणि पाण्याला करपट वास येतो. म्हणून रात्री अर्धा लिटर पाणी सकाळसाठी राखून ठेवायचं. भांड्यावर झाकण हवंच. दार मात्र उघडं: बंद तंबूत कार्बन मोनॉक्साइड साचतो, आणि त्याची डोकेदुखी उंचीच्या त्रासासारखीच असल्याने लक्षात येत नाही.

इंधन भरताना हातमोजे काढू नका. व्हाइट गॅस उणे तीसलाही द्रवच राहतो. उघड्या बोटांवर सांडला तर काही क्षणांत हिमदंश. पंपाचं वॉशर थंडीत ताठरतं, म्हणून पंप स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा. पाण्याची बाटली उलटी ठेवा. बर्फ वरच्या बाजूला धरतो, झाकण मोकळं राहतं.

वरच्या तळावर वारा सुटला की चढणं-उतरणं दोन्ही बंद. तिथे ठरलेल्या दिवसांपेक्षा निदान तीन दिवसांचं इंधन जास्त न्या. जेवण कमी पडलं तर भागतं.